होडी सापडली, पण ती कोणाची?

शिक्षण, भाषा आणि समाज यांवर लिहिणारा हा माणूस एकदम अमेरिकेतल्या जुन्या शर्यतीच्या होड्यांकडे कसा वळला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. प्रश्न रास्त आहे. ज्या गोष्टीला कोणी कधी इतिहास मानलं नाही, ती शोधून, तिचा दाखला जोडून पुढच्या पिढीच्या हातात कशी द्यायची, हे तिथल्या काही हौशी लोकांकडून शिकण्यासारखं आहे, म्हणून हा लेख. ही मंडळी काही ठिकाणी चुकतात असंही मला वाटतं. तेही सांगणार आहे.

आधी विषय समजून घेऊ. होडीच्या पोटात न बसवता तिच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचं जे इंजिन असतं, ते आउटबोर्ड. आपल्या कोकणच्या खाड्यांमध्ये छोट्या होड्यांच्या पाठीला ते लटकलेलं अनेकांनी पाहिलं असेल. दोन क्लॅम्प आवळले की बसलं, सैल केले की खांद्यावर घेऊन घरी. हे इंजिन घराघरांत पोचवण्याचं मोठं श्रेय ओले एव्हिनरूड या माणसाला जातं. नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला आणि मिलवॉकी शहरात यंत्रकाम करणारा कारागीर. त्याच्या आधीही काहींनी असे प्रयत्न केले होते, पण 1909 साली त्याने विकायला काढलेलं दीड अश्वशक्तीचं इंजिन लोकांनी उचलून धरलं. वजन 62 पौंड, किंमत 62 डॉलर. इंजिन त्याने घडवलं, पण धंदा उभा केला तो त्याची बायको बेस हिने. हिशेब, पत्रव्यवहार, जाहिरात सगळं तिच्याकडे. वल्ही फेकून द्या, असं लोकांना सांगणारी ती प्रसिद्ध जाहिरात तिचीच.

माणसाच्या हाती वेग आला की शर्यत आपोआप येते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘स्टॉक आउटबोर्ड’ नावाचा शर्यतींचा प्रकार रुजला. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला असलेलं इंजिन. खास बनवून घेतलेली महागडी यंत्रं नकोत, कंपनी जे विकते तेच लावा आणि पळवा, असा त्यामागचा विचार. इंजिनाच्या आकारावरून गट पडत: ए, बी, डी असे. बी गटाचं इंजिन 20 घनइंचांचं, म्हणजे साधारण 328 सीसी. आपल्या बुलेटच्या 350 सीसी इंजिनाहून थोडं लहानच. तेवढ्यावर प्लायवूडची होडी ताशी 50 मैलांच्या पुढे जायची.

या खेळात सर्वाधिक गाजलेलं नाव मर्क्युरी कंपनीचं. तिची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. कार्ल कीकहेफर या इंजिनिअरने 1939 साली विस्कॉन्सिन राज्यातल्या सीडरबर्ग गावात एक डबघाईला आलेला कारखाना घेतला. कारखान्यात सुमारे 300 आउटबोर्ड इंजिनं पडून होती. नीट चालत नाहीत म्हणून मॉन्टगोमेरी वॉर्ड या मोठ्या विक्रेत्याने ती नाकारली होती. कीकहेफरने ती सुधारली आणि त्याच विक्रेत्याला विकली. त्यातून मर्क्युरी उभी राहिली. शर्यत जिंकणारं इंजिन सोमवारी दुकानात विकलं जातं, हे त्याने ओळखलं होतं. 1958 साली ह्यूबर्ट एन्ट्रॉपने सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर मर्क्युरी लावलेली होडी ताशी 107 मैलांच्या वर नेली.  दोनच वर्षांनी हाच एन्ट्रॉप प्रतिस्पर्धी एव्हिनरूडच्या इंजिनावर ताशी 122 मैलांपलीकडे गेला.

आता या होड्यांची बांधणी पाहू, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यातच आहे. दोन मुख्य जाती: रनअबाउट आणि हायड्रो. रनअबाउटचा तळ अखंड असतो. हायड्रोच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना दोन पाय असल्यासारखे फुगवटे असतात. वेग घेतला की ती या दोन फुगवट्यांवर आणि मागच्या पंख्यावर, अशी तीन टेकूंवर पाण्याला जेमतेम शिवत पळते. चालक बसत नाही, गुडघे टेकून पुढे वाकतो. एक हात सुकाणूच्या चाकावर, दुसरा थ्रॉटलच्या खटक्यावर. खटका दाबून धरायचा. हात सुटला की स्प्रिंगने तो मिटतो आणि वेग उतरतो. चालक पाण्यात फेकला गेला तर होडी मोकाट सुटू नये म्हणून ही सोय. सुरुवातही उभ्याने होत नाही. मोठ्या घड्याळाकडे बघत सगळे वेगातच रेषेकडे येतात. काटा पुरा फिरण्याआधी रेषा ओलांडली तर बाद.

दहा-बारा फूट लांब, पातळ मरीन प्लायवूड, आत हलक्या लाकडाच्या फासळ्या, स्क्रू आणि सरस. हॅल केलीसारख्या लोकांनी आखलेले नकाशे मासिकांत छापून यायचे आणि लोक घरामागच्या शेडमध्ये स्वतः होडी बांधायचे. ज्यांना जमत नसे ते न्यू जर्सीच्या सिड-क्राफ्टकडून, फ्लोरिडाच्या स्विफ्टकडून किंवा कॅलिफोर्नियाच्या डिसिल्व्हांकडून घ्यायचे. (डिसिल्व्हा वाचून आपल्याला वसई-गोवा आठवतं, पण हे तिकडचेच.) होडी दोन-तीन हंगाम पळायची. मग नवा नकाशा, नवी होडी. जुनी विकली जायची, पोरांच्या खेळण्यात जायची, गोठ्याच्या माळ्यावर चढायची, नाहीतर शेकोटीत.

आज ज्या होड्या शोधल्या जातात त्या या. आणि इथूनच माझं मत सुरू होतं.

मोठ्यांच्या होड्यांना कोणी शोधावं लागत नाही. विमानाचं इंजिन लावलेली ‘स्लो-मो-शन फोर’ 1950 साली लेक वॉशिंग्टनवर ताशी 160 मैलांवर गेली, त्याच वर्षी गोल्ड कप जिंकून तिने ती शर्यत सिएटलला आणली, आणि आज ती सिएटलच्या इतिहास संग्रहालयात मानाने टांगलेली आहे. तिचा प्रत्येक दिवस वर्तमानपत्रात छापून आलेला. पण गल्लीतल्या मेकॅनिकने घरी बांधलेल्या, रविवारी गाडीच्या टपावर बांधून तळ्यावर नेलेल्या होडीला ना संग्रहालय ना वर्तमानपत्र. इतिहास नेहमीच असा वागतो. किल्ला राहतो, किल्ल्याचे दगड घडवणाऱ्याचं नाव राहत नाही. म्हणूनच छोट्या होड्या शोधणारे लोक मला महत्त्वाचे वाटतात. त्यांच्यातल्या अनेकांना कदाचित पटणारही नाही, पण ते सामान्य माणसाचा इतिहास लिहीत आहेत.

शोध कसा घेतात हे पाहा. गोठ्यात एक होडी सापडते. वर निळा रंग. हळूहळू घासलं की खाली पांढरा, त्याखाली लाल, आणि लालावर अर्धवट आकडा. पण आकड्यावर विसंबून चालत नाही, कारण शर्यतीचा क्रमांक बहुधा चालकाचा असायचा. त्याने होडी बदलली की तोच आकडा नव्या होडीवर. मग मागच्या फळीवर क्लॅम्पने पाडलेले गोल खड्डे बघायचे: इंजिन किती उंचीवर बसायचं, कोणत्या आकाराचं होतं ते त्यातून कळतं. सुकाणूची तार ज्या कप्प्यांवरून जायची त्यांची बुजवलेली भोकं मोजायची. जुने काळेपांढरे फोटो समोर ठेवून स्क्रूची रांग जुळवायची. आणि शेवटी माणसं गाठायची: विकणारा, त्याला विकणारा, त्याच्याही आधीचा.

मी उर्दूही शिकवतो, त्यामुळे मला इथे ‘सनद’ हा शब्द आठवतो. मराठीत सनद म्हणजे हक्क देणारा अधिकृत कागद. मूळ अरबीत ज्याला टेकावं तो आधार. हदीसच्या अभ्यासात सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने आणखी कोणाकडून. दुवा तुटला किंवा मधला माणूस भरवशाचा नसला तर विद्वान त्या कथनाचा दर्जा उतरवतात, मजकूर कितीही सुंदर असो. जुन्या होडीचंही तसंच. ‘हीच ती विजेती होडी’ हा मजकूर झाला. सनद दाखवा, असं विचारायची सवय हवी. सनद नसेल तर ‘त्या काळातली, त्या बांधणीची होडी’ इतकंच म्हणावं. त्यात तिचा काही अपमान नाही.

माझी पहिली तक्रार इथे आहे. होडी हाती आली की अनेकांना तिला चकचकीत करायची घाई होते. सगळे थर खरवडून काढायचे, भोकं बुजवायची, वर काचेसारखं वॉर्निश. फोटो सुंदर येतो. पण ज्या खुणांवरून ती ओळखली गेली त्याच खुणा गेल्या. पुढच्या माणसाने विश्वास ठेवायचा कशावर? माझ्या मते नियम साधा असावा: आधी टिपणं, मग हातोडी. एक थर खरवडण्याआधी फोटो, मोजमाप, लेखी नोंद. बदललेली फळी जपून ठेवायची. नवी फळी कुठे घातली ते फळीच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहायचं.

फळ्या बदलल्यावर होडी तीच राहते का, या प्रश्नावर तिकडे पुष्कळ काथ्याकूट होतो. आपल्या किनाऱ्यावर याचं उत्तर फार पूर्वी मिळालं आहे. पावसाळ्यात लाकडी होडी वर ओढून घेतात, कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालतात, सांधे भरतात, तेल देतात. वीस वर्षांत निम्मी होडी नवी होते. ती दुसरी होडी झाली असं कोणी म्हणत नाही, कारण काम सगळ्या गावासमोर झालेलं असतं. लपवाछपवी नसते. फरक तिथेच पडतो. दुरुस्ती उघड असेल तर होडी तीच. जुन्या नकाशावरून पूर्ण नवी बांधली आणि तसं स्पष्ट सांगितलं, तर तीही इज्जतीची गोष्ट आहे. हुनर जिवंत ठेवण्याचा तो उत्तम मार्ग आहे. नवी बांधून जुनी म्हणून विकली तर ती फसवणूक, मग सुतारकाम कितीही सुबक असो.

दुसरा वाद: पाण्यात उतरवायची की काचेआड ठेवायची? इंग्लंडमधलं उदाहरण बघा. डोनाल्ड कॅम्पबेलची ‘ब्लूबर्ड के सेव्हन’ ही जेट इंजिनाची होडी 4 जानेवारी 1967 रोजी कॉनिस्टन वॉटर तळ्यावर विक्रमाच्या प्रयत्नात उलटली आणि तो गेला. 2001 साली बिल स्मिथ या पाणबुड्याने होडी वर काढली. त्याने आणि त्याच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून ती उभी केली आणि 2018 साली स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावरच्या तळ्यात ती पुन्हा धावली. पण ती कोणाची, कुठे ठेवायची यावरून दुरुस्त करणारे आणि कॉनिस्टनचं रस्किन संग्रहालय यांच्यात मोठा वाद झाला. अखेर 2024 साली ती संग्रहालयात आली. मेहनत करणाऱ्यांचा जीव तुटला असणार हे कोणालाही कळेल. गावाचा आणि कुटुंबाचा हक्कही खोटा नव्हता. माझ्या मते यातून धडा एकच: करार आधी करावा. कोण दुरुस्त करणार, कोण सांभाळणार, कितीदा पाण्यात उतरवणार, हे प्रेम ओसंडून वाहत असताना लिहून काढावं. प्रेम आटल्यावर वकील लिहितात.

आउटबोर्ड होड्यांपुरतं माझं मत असं की त्या चालवाव्यात, पण शर्यत लावू नये. इंजिन फिरलं नाही तर ते गंजतं आणि ते जुळवायची विद्याही गंजते. कार्ब्युरेटर कसा बसवायचा, पंखा पाण्याच्या किती जवळ ठेवायचा, हे पुस्तकातून अर्धंच येतं. उरलेलं अर्धं कानाने आणि बोटांनी येतं. पण सत्तर वर्षं जुन्या प्लायवूडवर जिंकण्यासाठी पळणं म्हणजे होडीवरही जुलूम आणि स्वतःच्या मुलाबाळांवरही. या होड्या तेव्हाही उलटायच्या. प्रदर्शनाची फेरी मारावी, आवाज ऐकवावा, किनाऱ्यावर आणून पोरांना हात लावू द्यावा.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप, हा श्रीमंतांचा शौक आहे. आज काही अंशी तसं झालं आहे, जुन्या इंजिनांच्या किमती वाढल्या की दलालही येतात. पण मुळात स्टॉक आउटबोर्ड हा बेताच्या कमाईतल्या माणसाला परवडावा म्हणूनच रुजलेला खेळ होता, आणि त्याचा इतिहास जपणं म्हणजे त्या माणसाची बाजू घेणं. दुसरा आक्षेप पेट्रोलचा आणि गोंगाटाचा. तो मला मान्य आहे. म्हणून वर्षातून दोन-चार फेऱ्या पुरेत. तिसरा आक्षेप आपल्या वाचकांचा: आपल्या मुलांची गळती, नोकऱ्या, घरांचे प्रश्न सोडून सर हे काय घेऊन बसले?

याचं उत्तर जरा सविस्तर देतो. कोकणातल्या मुस्लिम घरांत किती पिढ्या समुद्रावर गेल्या? तांडेल, खलाशी, बोटीवरचे भंडारी, इंजिनरूममधले फायरमन. रत्नागिरी आणि रायगडच्या किती घरांत आजोबांचं सीडीसीचं पुस्तक होतं, ज्यात बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख असायची. आमच्याही घरी माझ्या मोठ्या चाचांचं होतं. घराला रंग काढताना ते रद्दीबरोबर गेलं. तेव्हा मी शाळेत होतो. आज चाचा नाहीत. त्यांनी कोणती बोट कोणत्या बंदराला नेली, एवढं सांगायलाही माझ्याकडे एक ओळ नाही. आहेत ते दोन-चार किस्से, सनद नसलेले.

वर्गात मुलांना विचारलं की तुमच्या घरच्या होडीचं नाव काय होतं, ती कोणी बांधली, तर नाव एखाद्याला येतं, बांधणाऱ्या वाड्याचं नाव कोणालाच येत नाही. आपल्या समाजाचा इतिहास विचारला की आपण बादशहांपासून सुरू करतो. बादशहांना आपली गरज नाही, त्यांचं सगळं लिहिलेलं आहे. गरज आहे ती खाडीत इंजिन दुरुस्त करणाऱ्या मामूंची, जाळी विणणाऱ्या फुफूंची, फळी वाकवणाऱ्या सुताराची. आणि तो सुतार अनेकदा दुसऱ्या धर्माचा असतो. होडीची सनद लिहायला बसलात तर गावातली सगळी घरं तिच्यात येतात. भाषणात ‘मिळून राहत होतो’ म्हणण्यापेक्षा अशी एक नोंद जास्त पक्की असते, असं मला वाटतं.

बायकांची नावं तर आणखी लवकर बुडतात. अमेरिकेत 1930 च्या आसपास लॉरेटा टर्नबुल ही कॅलिफोर्नियाची तरुणी आउटबोर्ड शर्यतींत पुरुषांना मागे टाकत होती. तिचं नाव राहिलं, कारण ती गाजली होती. पण लग्नानंतर आडनाव बदललेल्या कितीतरी जणींचा माग अर्ध्यावर तुटत असणार. आपल्याकडे तर पुष्कळदा ‘अमक्याची बायको’ एवढीच नोंद.

अमेरिकेतल्या हौशी मंडळींना एक गोष्ट आता कळून चुकली आहे: लाकूड थांबतं, माणूस थांबत नाही. 1955 साली वीस वर्षांचा असलेला चालक आज नव्वदी ओलांडून गेला आहे. होडी अजून दहा वर्षं गोठ्यात राहू शकते. तो राहणार नाही. म्हणून शहाणे शोधक आधी त्याच्याकडे जातात, फोटो समोर ठेवतात आणि ऐकत बसतात. गोठा नंतर.

हीच रीत आपण घेऊ शकतो, आणि तिला पैसाही लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर फोनचं रेकॉर्डिंग लावा आणि पाचच प्रश्न विचारा. होडीचं किंवा बोटीचं नाव काय? ती कोणी बांधली? कोणकोण तिच्यावर होतं? इंजिन कोणतं, ते कोण दुरुस्त करायचं? आणि शेवटी तिचं काय झालं? उत्तर उर्दूत येईल, कोकणीत येईल, मराठीत येईल, आहे तसंच लिहा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख खाली घाला. त्याला आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच लिहा, आपल्या मनाने भर घालू नका. वहीचं ते एक पान म्हणजे सनदेचा पहिला दुवा. दुसरा दुवा जोडायला कोणी ना कोणी पुढे येईल. पहिलाच नसेल तर मात्र कोणालाच काही जोडता येणार नाही.